बुजलेली जॅकवेल आणि ढासळणारी थडी : कृष्णाकाठचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

कराडला कोयना मिळाल्यावर कृष्णा सांगलीकडे वळणे घेत जाते. त्या पट्ट्यातल्या समोरासमोरच्या दोन गावांचे हे प्रकरण आहे. गावांची नावे आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. उजव्या काठाच्या गावाला अलीकडचे आणि डाव्या काठाच्या गावाला पलीकडचे म्हणू. नदी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून उभे राहिल्यावर जो हात, तो काठ.

शाळेच्या भूगोलात नदीचे तीन टप्पे शिकवतात. वर ती खणते, मध्ये वाहून नेते आणि खाली टाकते. कृष्णेच्या बाबतीत हे चित्र थोडे फसवे आहे. महाबळेश्वरला तेराशे मीटरहून उंचावर उगम पावलेली ही नदी वाईला येईपर्यंत सातशे मीटरच्या आसपास उतरलेली असते. त्यानंतर सांगलीपर्यंतच्या शंभराहून जास्त किलोमीटरांत ती जेमतेम दीडशे मीटर उतरते. म्हणजे घाटमाथ्यावरून उतरली की लगेचच तिची चाल मंदावते, आणि एकूण सुमारे चौदाशे किलोमीटरांच्या वाटेतला फार मोठा भाग ती अशीच रमतगमत कापते. या मंद चालीतही खणणे, वाहणे आणि टाकणे ही तिन्ही कामे चालूच असतात, आणि ती एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर चालतात. या प्रकरणातला सगळा पेच तिथूनच सुरू होतो.

अलीकडच्या गावात ऐंशीच्या दशकात सहकारी पाणीपुरवठा संस्था उभी राहिली. नदीकाठी जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी उपसायची विहीर, तिथून पाणी वर चढवणारी पाईपलाईन म्हणजे रायझिंग मेन, माळाच्या कडेला वितरण कुंडी आणि पुढे पाळीने पाणी. जिथे कुसळे उगवत होती तिथे आडसाली ऊस उभा राहिला. जॅकवेलची जागा निवडताना नदीचा विचार फारसा झाला नव्हता. एका संस्थापक संचालकाचे शेत काठाला होते, त्यांनी जागा दिली, पाईपलाईनही तिथून सरळ येत होती. तेव्हा तिथे पाणी खोल होते, त्यामुळे निर्णय चुकला असे कोणाला वाटायचे कारण नव्हते.

या जॅकवेलच्या थोडे वर उजव्या बाजूने एक ओढा कृष्णेला मिळतो. माळावरून येतो, पावसाळ्यात चार महिने वाहतो आणि दिवाळीनंतर आटतो. पलीकडच्या गावाची बरीचशी बागायत याच ओढ्याच्या समोरच्या काठावर आहे. जॅकवेलच्या खाली नदी डावीकडून पुन्हा उजवीकडे येते, आणि ती जिथे उजव्या काठाला टेकते तिथे जुना दगडी घाट आणि देऊळ आहे. आणखी खाली कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा संपला की त्याला बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालतात आणि पाणी मागे घाटाच्याही वरपर्यंत तुंबते.

समस्या कशी पुढे आली

२०१८ च्या उन्हाळ्यात जॅकवेलमध्ये पाणी कमी येऊ लागले. मोटर सुरू केली की तासाभरात हवा ओढायची. नदीत पाणी होते, पण ते पलीकडच्या अंगाला गेले होते. नदीतून जॅकवेलमध्ये पाणी घेणाऱ्या इंटेक पाईपाच्या तोंडासमोर वाळू आणि मुरमाचा उथळ पट्टा तयार झाला होता. संचालक मंडळाने पोकलेन लावून चर काढला आणि ते वर्ष निभावले.

२०१९ च्या ऑगस्टचा महापूर सर्वांच्या लक्षात आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पूर ओसरल्यावर अलीकडच्या गावाला दिसले की काढलेला चर नावालाही उरलेला नाही, आणि पट्टा पूर्वीपेक्षा लांब व उंच झाला आहे. त्याच आठवड्यात पलीकडच्या गावात काठाची उसाची शेते ढासळायला लागली. पुराचे पाणी चढलेले असताना ती पडली नव्हती. पाणी उतरल्यानंतर, ऊन पडलेले असताना, काठापासून काही फुटांवर भेगा दिसायच्या आणि मग उभ्या उसासकट अख्खी दरड खाली बसायची.

दोन्ही गावांनी आपापले निदान करून टाकले. अलीकडचे म्हणाले, वाळू उपसणाऱ्यांनी पात्राची वाट लावली. पलीकडचे म्हणाले, तुमच्या पोकलेनने चर काढून काढलेला माल नदीत ढकलला, म्हणून पाणी आमच्यावर आले. धरणातून अचानक सोडलेले पाणी आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा ही कारणे दोन्हीकडे सामाईक होती. एका बैठकीत पलीकडच्या एका वयस्कर शेतकऱ्याने अलीकडच्या चेअरमनना सुनावले, “आबा, नदीनं आमचं खाल्लं आन् तुमच्या दारात नेऊन वाढलं. आता ते आमास्नी द्या.” आबांचे उत्तरही तयार होते, “न्या की तात्या. आमाला तरी ते कुठं पाहिजे? आमची मोटर बंद पडलीया त्यानं.”

या दोन वाक्यांत प्रकरणाची गुरुकिल्ली होती, पण ती उचलायला आणखी दोन वर्षे गेली. एका काठाची भर आणि दुसऱ्या काठाची झीज या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून दोन वेगळ्या कार्यालयांत फिरत राहिल्या. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा मोठा पूर आला, तोपर्यंत संस्थेने चर काढण्यावर तीन हंगाम पैसे घातले होते.

पाहणीत काय दिसले

२०२१ च्या पुरानंतर संस्थेने बाहेरून सल्ला घ्यायचे ठरवले. त्या गटात भूगोलाचा शिक्षक म्हणून मी होतो, शिवाय पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता होते. आम्ही आधी जॅकवेल पाहिलीच नाही. ओढ्याच्या मुखापासून बंधाऱ्यापर्यंत दोन्ही काठांनी चाललो, आणि पाणी कमी झाल्यावर काहिलीत बसून वजन बांधलेल्या दोराने ठिकठिकाणची खोली मोजली. गुळाची काहील या भागात होडीचे काम पूर्वीपासून करत आली आहे. भूमी अभिलेखचा गावनकाशा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा आणि जुनी उपग्रह चित्रे एकमेकांशी पडताळली.

पहिली गोष्ट अशी दिसली की नदीची मोठी वळणे फारशी हललेली नाहीत. आपल्याकडच्या नद्या नेपाळमधून बिहारमध्ये उतरणाऱ्या कोसीसारख्या नाहीत. कोसीने अडीचशे वर्षांत शंभर किलोमीटरहून जास्त पश्चिमेकडे पात्र सरकवले, आणि २००८ मध्ये नेपाळमधल्या कुसहाला बांध फोडून ती एका दिवसात जुन्या वाटेने निघाली. कृष्णेच्या तळाशी बहुतेक ठिकाणी काळा कातळ आहे आणि काठ चिकणमातीचे, उंच, टणक. अशी नदी जागा सोडायला फार वेळ घेते. मग चार-पाच वर्षांत एवढा बदल झाला तर काहीतरी नवे घडलेले असणार.

ते नवे ओढ्याच्या मुखाशी होते. राज्यात जलयुक्त शिवारची कामे जोरात होती त्या वर्षांत या ओढ्याचे खोलीकरण आणि रुंदीकरण झाले होते. काम लोकांना आवडले होते आणि वरच्या विहिरींना पाणीही वाढले होते. पण खणलेला मुरूम ओढ्याच्या दोन्ही कडांना उंच ढिगांनी तसाच टाकला होता. दुसरे असे की खोलीकरण खालच्या अंगाला झाले आणि वरचा भाग तसाच राहिला, त्यामुळे तळात एक पायरी तयार झाली. पाणी पायरीवरून पडताना तिची कड खाते आणि ती पायरी दर पावसाळ्यात वरवर सरकत जाते. वरच्या एका मोरीचा पाया उघडा पडलेला आम्हाला दिसला, तो या सरकत्या पायरीनेच. कडेचे ढीग आणि तळातली पायरी या दोन्हींतून निघालेला माल ओढा कृष्णेच्या दारात आणून टाकत होता.

उतारावरून येणारा लहान प्रवाह मोठ्या, मंद नदीला मिळतो तेव्हा त्याचा वेग एकदम मोडतो आणि जड माल तिथेच बसतो. मुखाशी पंख्यासारखा उथळ पसारा तयार होतो. एरवी कृष्णेचा पूर हा पसारा दर वर्षी झाडून नेत असे. आता माल इतका येत होता की झाडून झाल्यावरही उरत होता. उरलेला माल पुराने खाली ओढत नेला आणि उजव्या काठाला लांब शेपटासारखा बसवला. जॅकवेलचे तोंड त्या शेपटाखाली आले.

उजवीकडे अशी भर पडल्यावर नदीची मुख्य धार डावीकडे ढकलली गेली. आता डावा काठ वळणाची बाहेरची बाजू झाला. वळणावर पाणी नुसते पुढे सरकत नाही, दोर वळावा तसे पिळत जाते. वरचे पाणी बाहेरच्या काठावर आपटते, तिथून खाली बुडी मारते आणि तळाच्या बाजूने आतल्या काठाकडे परतते. बुडी मारताना ते बाहेरच्या काठाचा पाया खरवडते आणि डोह करते, तर परतताना तळाची वाळू आतल्या काठाला नेऊन ठेवते. म्हणजे एकदा वळण पडायला लागले की ते स्वतःच स्वतःला वाढवते. ओढ्याने सुरुवात करून दिली होती, पुढचे काम कृष्णा करत होती. पलीकडच्या काठाशी दोर सोडला तेव्हा शेतकऱ्यांच्या समजुतीपेक्षा बराच खोल डोह लागला. जमीन वरून पडत नव्हती, खालून पोखरली जात होती.

पूर ओसरल्यावरच दरडी का कोसळतात, हेही लोकांना समजावून सांगावे लागले. पुरात आठवडाभर बुडालेला काठ पाणी पिऊन जड होतो. पाणी चढलेले असते तोवर त्याचाच काठाला बाहेरून टेकू असतो. नदी झपाट्याने उतरली की टेकू जातो, पण मातीतले पाणी तितक्या लवकर निघत नाही. ते आतून ढकलते, पाया आधीच पोखरलेला असतो आणि दरड बसते. पलीकडच्या शेतात त्यात आणखी एक भर होती. ऊस अगदी काठाच्या टोकापर्यंत लावलेला आणि पाटाचे पाणीही तिथपर्यंत. काठावरची करंजे, जांभळी आणि वाळुंज उसाला सावली नको म्हणून केव्हाच तोडलेली होती. उसाच्या मुळ्या उथळ असतात, त्या दहा-बारा मीटर उंचीचा काठ धरून ठेवू शकत नाहीत. त्यातच काठाच्या एका तुकड्यावरची पोयट्याची माती वीटभट्टीला विकलेली होती. नेमकी तीच जागा सर्वात जास्त तुटली होती.

पर्याय

पहिला पर्याय, दर वर्षी चर काढत राहणे, हा सर्वात सोपा आणि संस्थेच्या अंगवळणी पडलेला होता. पण त्यात चराची लांबी दर वर्षी वाढत होती. शिवाय काढलेला माल टाकायचा कुठे हा प्रश्न होता. वाळू-मुरूम हे गौण खनिज, त्यामुळे महसूल खात्याच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही.

दुसरा पर्याय इंटेक पाईप पट्ट्याखालून लांबवून मुख्य धारेपर्यंत नेण्याचा. संचालकांपैकी बहुतेकांना तो पटला होता, कारण जॅकवेल, पंपघर, वीजजोडणी सगळे जागेवर राहणार होते. पण ज्या पट्ट्याखालून पाईप जाणार तोच अजून वाढता होता. पाईप पुरेसा खोल पुरला नाही तर पूर तो उघडा पाडणार, आणि पुरला तर त्याच्या तोंडावर पुढच्या वर्षी पुन्हा वाळू येणार.

तिसरा पर्याय पलीकडच्या शेतकऱ्यांचा लाडका होता. सगळा पट्टा पोकलेनने उचलून टाकायचा, म्हणजे धार पूर्वीच्या जागी जाईल. ऐकायला हा न्याय्य वाटतो, आणि अलीकडच्या काही तरुण सभासदांनाही वाळूच्या भावामुळे तो आवडला होता. पण ओढ्यातून माल येणे चालू असेपर्यंत नवा पट्टा बसायला दोन पूर पुरे. आणि ओढ्याच्या मुखाशीच पात्र एवढे खोल केले तर ओढ्याला आणखी उतार मिळून तळातली पायरी जोमाने वर चढली असती. म्हणजे ज्या कारणाने आजार झाला तेच कारण बळकट झाले असते.

चौथा पर्याय डाव्या काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, करण्याचा. पलीकडच्या गावाने त्यासाठी अर्ज दिले होते, आणि वाट पाहून कंटाळलेल्या काही जणांनी पाडकामाचा राडारोडा काठावरून खाली लोटलाही होता. तो सरळ डोहात गेला. पिचिंग वरून ढासळत नाही, पायथ्याखालची माती निघाली की बसते. म्हणून पायथ्याला पुरेसा रुंद दगडी थर आधी द्यावा लागतो आणि खर्च तिथेच असतो. शिवाय डावा काठ पक्का केल्यावर पाण्याचा जोर जिरत नाही, तो पुढच्या वळणावर उजव्या काठाकडे जातो. उजवीकडे पुढे घाट होता.

घाटावरूनच पाचवा पर्याय सुचला. सर्वेक्षणातला नकाशा काढला तेव्हाही घाट त्याच जागी होता आणि आजही काठ तिथून हललेला नाही. जुन्या लोकांनी घाट आणि देवळे बांधताना बहुधा कातळ पाहूनच जागा धरली. इथेही घाटाच्या पायऱ्या कातळावर बसवलेल्या आहेत आणि कातळाची पट्टी पात्रात बरीच आत जाते. धार डावीकडून येऊन इथे उजव्या काठाला टेकते, त्यामुळे वळणाची बाहेरची बाजू इथे उजवी. बाहेरच्या बाजूला पाणी खोल असते आणि तळाची वाळू समोरच्या काठाला जाते. जॅकवेलला हवे असते ते हेच. बाहेरच्या बाजूचा नेहमीचा धोका म्हणजे काठ तुटण्याचा, तो इथे कातळाने घालवला होता. कातळपट्टीच्या लगेच खाली उन्हाळ्यातही न आटणारा डोह होता आणि बंधाऱ्याचा फुगवटाही तिथपर्यंत येत होता.

निर्णयाची वळणे

पाचवा पर्याय कागदावर निर्विवाद दिसत असला तरी सर्वसाधारण सभेत तो सहज मंजूर झाला नाही. रायझिंग मेन लांबणार, नवी वीजवाहिनी टाकावी लागणार, एकरी वर्गणी भरावी लागणार आणि वर कर्ज. “एवढं करून तिथंही गाळ आला तर?” हा प्रश्न रास्त होता. त्याला आम्ही शब्दांनी उत्तर दिले नाही. जुन्या जॅकवेलपासून घाटाखालपर्यंत दोराने मोजलेल्या खोलीचा एक साधा आलेख फळ्यावर काढून दाखवला. मतदानाच्या वेळी याच आलेखाने काम केले असे मला वाटते. एका संचालकांनी तर नंतर सांगितले की आपल्याच नदीचा तळ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

दुसरे वळण नेमक्या जागेचे. घाटाला लागून जमीन देवस्थानची होती, त्यामुळे ती घेणे लांबणीचे काम. पाईप वाचवण्यासाठी काहींनी घाटाच्या वरच्या अंगाची खासगी जागा सुचवली. तिथे चाचणी बोअर घेतल्यावर कातळ खोल गेलेला आढळला आणि वर वाळू-गोट्यांचा जाड थर. म्हणजे तिथे नदीने पूर्वी कधीतरी भर टाकलेली होती आणि ती पुन्हा उचलायला तिला कोणी मनाई केली नव्हती. घाटाच्या खालच्या अंगाला थोड्या अंतरावर कातळ लवकर लागला. ती जागा ठरली. पाईपलाईन वाढली, पण या एका बोअरने संस्थेला बहुधा दुसऱ्या बुजलेल्या जॅकवेलपासून वाचवले.

तिसरे वळण सर्वात अवघड होते, ते ओढ्याचे. ओढा संस्थेच्या मालकीचा नाही. जॅकवेल हलवली की संस्थेचा प्रश्न सुटत होता आणि ओढ्यावर खर्च करायचे तिला कारण उरत नव्हते. पलीकडच्या गावाचा प्रश्न मात्र ओढ्यावरच अवलंबून होता आणि ओढा अलीकडच्या शिवारात. इथे चेअरमन आबांनी मंडळाला गळ घातली ती हिशेबाची होती. ओढ्याचा माल असाच येत राहिला तर शेपूट खाली वाढत वाढत एक दिवस घाटाकडेही येईल, तेव्हा ओढा बांधणे हा नव्या जॅकवेलचाच विमा आहे. हा मुद्दा भूगोलाच्या दृष्टीने बरोबर होता आणि सभेत चालला.

काय केले

उपशाची जागा बदलण्याची परवानगी जलसंपदा विभागाकडून मिळवली. नव्या जॅकवेलचे काम २०२३ च्या उन्हाळ्यात झाले. देवळाच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची खूण आहे, तिच्यापेक्षा उंच ओट्यावर मोटरी आणि पॅनेल बसवले.

ओढ्याच्या कडांवरचे मुरमाचे ढीग उचलून काही शेतरस्त्यांना वापरले आणि उरलेले कडेपासून दूर पसरवून त्यांवर गवत येऊ दिले. हे करायला ग्रामपंचायतीचा ठराव आणि शेजारच्या शेतकऱ्यांची संमती लागली, कारण काहींनी ढिगांनाच बांध समजून त्यांच्या आड शेती वाढवली होती. सरकत्या पायरीच्या ठिकाणी आणि मोरीच्या खाली जाळीबंद दगडांचे बुटके बांध घातले, म्हणजे पाणी टप्प्याटप्प्याने उतरेल.

पलीकडच्या गावात सगळ्यांनी एकच केले नाही. काठाच्या काही शेतकऱ्यांनी उभी कड तासून तिला उतार दिला, टोकाची पट्टी उसातून मोकळी केली आणि तिथे बांबू, करंज व वाळा लावला. पाट मागे घेतला. ज्यांची जमीनच थोडी होती त्यांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की नदी नेईल ते नेईल, आम्ही आपल्या हाताने कशाला सोडू? त्यांना दोष देणे मला जमत नाही. पट्टी सोडण्याचा सल्ला दहा एकरवाल्याला परवडतो. वीटभट्टीला माती देणे मात्र गावाने बंद केले.

परिणाम

नव्या जॅकवेलवर २०२४ चा उन्हाळा कुठलाही चर न काढता गेला. इंटेकसमोर गाळ साचला नाही.

ओढ्याच्या मुखाचा पसारा वाढायचा थांबला आहे, पण तो गेलेला नाही. त्यावर शेरणी आणि लव्हाळे उगवले आहेत, आणि झुडपे आली की ती पुढच्या पुराचा गाळ अडवून धरतात. त्यामुळे तो आता कायमचा बसेल अशी चिन्हे आहेत. याचा अर्थ मुख्य धार डावीकडेच राहणार. उतार देऊन झाडे लावलेल्या काठाची पडझड मंदावली आहे. शेजारचा उभा ठेवलेला काठ २०२४ च्या पावसाळ्यानंतरही तुटला.

भर पडलेल्या जमिनीचा वाद मिटलेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार अशी मळईची जमीन सरकारची ठरते, आणि ती द्यायची झाल्यास ज्या काठाला ती लागली त्या काठाच्या खातेदाराला आधी विचारले जाते. समोरच्या काठाला ज्याची जमीन गेली त्याचा तिच्यावर हक्क येत नाही. त्याला फार तर मोजणी करून घेऊन गेलेल्या क्षेत्राचा आकार, म्हणजे जमीन महसूल, कमी करून मागता येतो. तात्यांचा सातबारा आजही पूर्ण क्षेत्र दाखवतो आणि त्यातला तुकडा डोहात आहे.

त्यांना ती जमीन मिळाली असती तरी बरोबरी झाली नसती, हेही सांगायला हवे. डोहात गेली ती हजारो वर्षांच्या पुरांनी थरावर थर देऊन उंच केलेली काळी-पोयट्याची जमीन होती. समोर बसली आहे ती वाळू-मुरमावर पातळ गाळ असलेली सखल पट्टी, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी. पाणी ओसरल्यावर गाळपेर करून एखादे कडधान्य निघेल, ऊस नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वात स्वस्तात सुटण्याची वेळ ओढा खोल करण्याआधीची होती. अंदाजपत्रकात खोदाईचे घनमीटर होते, पण खोदलेला माल कुठे जाईल याचा रकाना नव्हता. ढीग कडेपासून दूर नेण्याचा खर्च त्या वेळी मूळ कामाच्या मानाने किरकोळ ठरला असता. खोलीकरणही खालून सुरू करून मध्येच सोडण्याऐवजी तळाला ठरावीक अंतरावर दगडी उंबरे देत करायला हवे होते.

संस्थेने पहिल्या उन्हाळ्यात चर काढला ते योग्यच होते, पीक वाचवायचे होते. पण २०१९ नंतर चर एका पुरात बुजला तेव्हाच थांबून वर काय चालले आहे ते पाहायला हवे होते. तीन हंगामांचा चराचा खर्च ओढ्याच्या बांधांना पुरला असता आणि कदाचित काही वर्गणीही वाचली असती.

दोन्ही गावांची पहिली एकत्र पाहणी २०२१ नंतर झाली. ती आधी झाली असती तर डाव्या काठावर उतार देण्याचे काम डोह इतका खोल होण्यापूर्वी झाले असते. आता तिथे नुसती झाडे पुरणार नाहीत असे अभियंत्यांचे मत आहे. डोहाच्या सुरुवातीच्या थोड्या लांबीत पायथ्याचा दगडी थर लागेल. माझे मत थोडे वेगळे आहे. आणखी दोन पावसाळे काठाच्या खुंट्या मोजून मग दगडाचा विचार करावा, कारण ओढ्याचा माल थांबल्याचा परिणाम डाव्या काठापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि दगड घातला की तो खालच्या वळणाचा प्रश्न होतो. पलीकडच्या गावाने काठापासून ठरावीक अंतरावर खुंट्या ठोकल्या आहेत. बरगे घालण्याआधी, ऑक्टोबरात, दोन्ही गावांचे प्रत्येकी दोन जण फितीने अंतर मोजून वहीत सही करतात. दगडाचा अर्ज पुढे पाठवायचा की नाही, हे २०२६ च्या नोंदीनंतर ठरणार आहे.